प्रकल्प नोंदी: अंडपेशीचं वय मोजताना

३ जून २०२५, मंगळवार

प्रश्न आजच नीट लिहून ठेवते. आकडे हातात आले की तो आपल्या सोयीने वाकवायचा मोह होतो.

‘म्हातारी अंडपेशी’ असं आपण सरसकट बोलतो. पण ती दोन तऱ्हांनी म्हातारी होते. एक, अंडाशयात. मादी जन्मायच्या आधीच तिच्या अंडपेशींचं अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं पेशीविभाजन) सुरू होतं आणि पहिल्याच टप्प्यात अडून राहतं. उंदरात हे अडणं काही आठवड्यांपासून वर्ष-दीड वर्षापर्यंत, बाईमध्ये पार चाळीस-पंचेचाळीस वर्षांपर्यंत. दुसरं म्हातारपण अंडमोचनानंतरचं. सुटलेली अंडपेशी अंडनलिकेत शुक्राणूची वाट बघते, आणि तिथे हिशेब तासांचा असतो. उंदरात अर्ध्या दिवसाच्या आसपास ती उतरणीला लागते.

अडचण अशी की उंदरांवरच्या एकाच प्रयोगात ही दोन्ही वयं गुपचूप एकत्र येतात. म्हाताऱ्या माद्यांकडून अंडपेशी कमी मिळतात, म्हणून माद्या जास्त लागतात, काढायला वेळ जास्त जातो. त्यात सवयीने तरुण माद्या आधी उरकल्या जातात. म्हणजे म्हाताऱ्या गटाची अंडपेशी डिशमध्ये पोचेपर्यंत दुसऱ्या अर्थानेही तास-दोन तासांनी मोठी झालेली असते. मग फरक दिसला तर तो कोणत्या खात्यावर मांडायचा?

मॅडमशी बसून चार गट ठरवले. तरुण माद्या आणि म्हाताऱ्या माद्या. दोन्हींतून एचसीजीच्या, म्हणजे अंडमोचन घडवणाऱ्या संप्रेरकाच्या, इंजेक्शननंतर १४ तासांनी काढलेल्या अंडपेशी आणि २४ तासांनी काढलेल्या अंडपेशी. वेळ मोजायची ती फक्त एचसीजीपासून, काढणीपासून नाही. २४ तासांच्या गटातल्या अंडपेशी माद्यांच्या अंडनलिकेतच राहू द्यायच्या. डिशमध्ये ठेवल्या तर मीडियम (त्यांना जगवणारा द्रव), तेल, कार्बन डायऑक्साइड असं तिसरंच काहीतरी त्यात शिरतं.

१२ जून, गुरुवार

प्राणीगृहात माद्या तपासल्या. सी-५७ ब्लॅक-६ जातीच्या, १४ ते १५ महिन्यांच्या. बाहेरच्या माणसाला हे वय हास्यास्पद वाटेल, पण या जातीच्या माद्यांची पिल्लावळ आठ-दहा महिन्यांनंतर रोडावत जाते. म्हाताऱ्या माद्या विकत मिळवणं अवघड, त्यामुळे वर्षभर नुसत्या पोसाव्या लागतात. काही माद्यांना मानेवर जखमा झाल्या आहेत. काळ्या उंदरांना वाढत्या वयात हा त्वचेचा आजार होतोच. पशुवैद्यांनी त्या बाजूला काढायला सांगितल्या. त्यांच्या जागी नव्या आणायच्या म्हटलं तरी प्राणी नैतिकता समितीने मंजूर केलेल्या आकड्यातच बसवावं लागतं, आणि नवी मादी १४ महिन्यांची व्हायला १४ महिनेच लागतात.

प्राणीगृहातले काका म्हणाले, “ताई, ह्या आता आजीबाई झाल्या. ह्यांना कशाला टोचताय?” काकांचा प्रश्न रास्त आहे. पीएमएसजी नावाचं पहिलं इंजेक्शन ज्या पुटिका (अंडपेशी जिच्यात वाढते ती पिशवी) वाढवतं, त्या म्हाताऱ्या अंडाशयात मुळातच थोड्या उरलेल्या असतात. तरुण मादी वीस-तीस अंडपेशी सहज देते, म्हातारी एक आकडी संख्येवर थांबते, कधी काहीच देत नाही.

इथे संख्या आणि दर्जा यांची गल्लत नको. बाईच्या बाबतीत गर्भातल्या विसाव्या आठवड्याच्या सुमारास ६० ते ७० लाख अंडपेशी असतात, जन्माच्या वेळी १० ते २० लाख, वयात येताना तीन-चार लाख. त्यातून आयुष्यभरात अंडमोचन होतं ते जेमतेम चार-पाचशेंचं. साठा घटतो ही एक गोष्ट. उरलेल्यांपैकी प्रत्येकीचं काय झालंय, ही दुसरी. आमचा प्रकल्प दुसरीबद्दल आहे.

२० जून, शुक्रवार

दोन्ही पालख्या आज पुण्यात. फर्ग्युसन रस्ता बंद, निम्मं शहर पायी. हा दिवस आधीच कॅलेंडरवर लाल करून ठेवला होता, त्यामुळे या आठवड्यात इंजेक्शनं नव्हतीच. बसून काचेच्या पिपेट ओढल्या. पाश्चर पिपेट ज्योतीवर धरायची, काच मऊ पडली की ज्योतीबाहेर काढून एका झटक्यात ओढायची. तोंडाचा व्यास अंडपेशीहून जेमतेम मोठा हवा. उंदराची अंडपेशी सुमारे ८० मायक्रॉनची, त्यावर झोनाचं कवच. पिपेट अरुंद असेल तर अंडपेशी चिरडते, रुंद असेल तर सोबत मीडियमचा लोट येतो. ज्युनिअरने ओढलेल्या पिपेट माझ्यापेक्षा सरस निघाल्या. तिचा हात शांत आहे.

२७ जून, शुक्रवार

पहिली काढणी. मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला पीएमएसजी, काल साडेपाचला एचसीजी, आज सकाळी साडेसातला १४ तास भरले. कोणती मादी आधी घ्यायची हे नाणं उडवून ठरवलं, आणि एक तरुण, एक म्हातारी असं आलटूनपालटून गेलो.

मायक्रोस्कोपखाली अंडनलिकेचा एक भाग फुगलेला दिसतो. भिंत इतकी पातळ की आतला गोळा बाहेरूनच कळतो. सुईचं टोक लावलं की क्युम्युलस, म्हणजे अंडपेशीभोवतीच्या, पेशींचा चिकट गोळा आपसूक बाहेर येतो आणि त्यात अंडपेशी अडकलेल्या असतात. हायलुरोनिडेज या विकराच्या थेंबात दोन-तीन मिनिटांत त्या पेशी गळून पडतात. मग पिपेटने उचलून धुवायच्या, पुन्हा उचलायच्या, पुन्हा धुवायच्या. पिपेट तोंडाने चालवावी लागते. हाताच्या बल्बने एवढं हलकं ओढता येत नाही.

मायक्रोस्कोपची स्टेज ३७ अंशांवर असायलाच हवी. पावसाळी हवा, त्यात एसी. अंडपेशी गार पडली की स्पिंडलच्या, म्हणजे गुणसूत्रं ओढून वाटणाऱ्या सांगाड्याच्या, सूक्ष्मनलिका विरघळायला लागतात, आणि पुढे आपण जे ‘वयामुळे बिघडलेलं स्पिंडल’ म्हणून मोजू ते खरं तर एसीमुळे बिघडलेलं असू शकतं. म्हणून काढणीपुरता एसी बंद, सगळ्यांचे कपाळ घामेजलेले.

संध्याकाळी साडेपाचला २४ तासांचा गट. फरक सोडवतानाच जाणवला. क्युम्युलस आधीच विस्कटलेलं, हायलुरोनिडेजची फारशी गरजच पडली नाही. बऱ्याच अंडपेशींत ध्रुवपिंड (विभाजनात बाहेर टाकली जाणारी चिमुकली पेशी) दिसेनासा झालेला. पण तो या जातीत लवकरच विरतो, तेव्हा त्यावरून दर्जा ठरवायचा नाही, असं डिशच्या झाकणावरच लिहून ठेवलं.

४ जुलै, शुक्रवार

आजपासून मोजणी. इथे जरा तपशिलात जाते, कारण सगळा प्रकल्प या आकड्यावर उभा आहे.

उंदराच्या पेशीत ४० गुणसूत्रं असतात. पहिलं विभाजन नीट पार पडलं तर फलनाला तयार अंडपेशीत २० उरतात, आणि प्रत्येकात दोन भगिनी क्रोमॅटिड, म्हणजे त्या गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रती, अजून जोडलेले असतात. प्रत्येक क्रोमॅटिडला एक कायनेटोकोअर (स्पिंडल जिथे पकडतं ती जागा), म्हणजे निरोगी अंडपेशीत कायनेटोकोअर ४० भरले पाहिजेत. पण स्पिंडलवर ते एका पट्टीत दाटीवाटीने बसतात आणि मोजता येत नाहीत. त्यासाठी मोनॅस्ट्रोल. हे औषध स्पिंडलची दोन टोकं दूर राहू देत नाही. स्पिंडल एका ध्रुवाभोवती कोसळतं आणि गुणसूत्रं गोलाकार विखुरतात. त्याच अवस्थेत फिक्स करायचं. काचेवर अंडपेशी फोडून गुणसूत्रं पसरवायची जुनी रीतही आहे, पण तिथे एखादं गुणसूत्र वाहून गेलं तर ‘कमी आहे’ असं वाटतं. अखंड अंडपेशीत हा संशय उरत नाही.

कायनेटोकोअर दाखवणारी अँटिबॉडी माणसांच्या रक्तातून येते. क्रेस्ट नावाचा स्क्लेरोडर्माचा प्रकार असलेल्या रुग्णांचं शरीर स्वतःच्याच सेंट्रोमिअरविरुद्ध, म्हणजे गुणसूत्रावर कायनेटोकोअर बसतो त्या भागाविरुद्ध, अँटिबॉडी बनवतं. कुणाच्या तरी आजारातला तो सीरम जगभरच्या प्रयोगशाळांत उंदराच्या अंडपेशी मोजायला वापरतात. बाटली उघडताना हे दर वेळी डोक्यात येतं.

कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर अर्ध्या मायक्रॉनचे काप (एकेका पातळीचं चित्र) घेतले. एकेक काप खाली सरकत जायचं. ठिपके जोडीजोडीने दिसतात, दोन ठिपक्यांच्या मागे डीएनएचा एकच तुकडा. प्रत्येक जोडीला क्रमांक द्यायचा, पुढच्या कापात तीच जोडी पुन्हा दिसली तर दुसऱ्यांदा मोजायची नाही. आजची एक तरुण अंडपेशी: १९ जोड्या सरळ मिळाल्या, विसावी सापडेना. ती एका दुसऱ्या जोडीच्या बरोबर खाली लपली होती, चित्र आडवं फिरवल्यावर सुटी झाली. ४० भरले. एका अंडपेशीला अर्धा तास. फाइलींची नावं ज्युनिअरने आकड्यांत बदलून दिली आहेत. कोणती अंडपेशी कोणत्या गटातली, हे मला ठाऊक नाही.

१५ जुलै, मंगळवार

मीडियमच्या थेंबांवर घालायच्या मिनरल ऑइलची नवी बॅच आली. थेट वापरली नाही. आधी तरुण माद्यांचे दोन पेशींचे भ्रूण त्याखाली वाढवून पाहिले, तर निम्म्याहून जास्त वाटेतच थांबले. जुन्या बॅचखाली ठीक वाढले. तेलात पेरॉक्साइड वाढलेलं असलं की असं होतं. पुरवठादाराचं उत्तर: “मॅडम, बाकी कुणाची तक्रार नाही.” बॅच परत. आयव्हीएफ क्लिनिकांत वापरायचं मीडियम आणि तेलसुद्धा याच उंदीर-भ्रूण चाचणीतून पास होऊन येतं, हे किती जोडप्यांना माहीत असेल?

२९ जुलै, मंगळवार

पहिल्या तुकडीची नावं उघडली.

तरुण, १४ तास: जवळजवळ सगळीकडे ४०. म्हातारी, १४ तास: इथे ३९, ४१, क्वचित ४२ भेटतात. पण मला आकड्यापेक्षा ठिपक्यांमधलं अंतर जास्त बोलकं वाटलं. तरुण अंडपेशीत जोडीतले दोन ठिपके एकमेकांना चिकटून असतात. म्हातारीत ज्यांची बेरीज बरोबर ४० आहे, तिथेही जोडी सैल, मधे काळी फट. काही ठिकाणी जोडीच नाही, दोन क्रोमॅटिड वेगवेगळ्या दिशांना. नुसतं मोजून थांबलो असतो तर या अंडपेशी ‘निरोगी’ रकान्यात गेल्या असत्या.

हे का होतं याचं आज सर्वमान्य होत आलेलं उत्तर म्हणजे कोहेसिन. भगिनी क्रोमॅटिडना बांधून ठेवणारं हे प्रथिन मादी गर्भात असतानाच चढवलं जातं. पुड्याला एकदा बांधलेला दोरा, जो सुटला तर पुन्हा बांधायला कुणी येत नाही. २०१० मध्ये न्यूकॅसल आणि फिलाडेल्फियाच्या गटांनी उंदरात वयाबरोबर कोहेसिन घटतं आणि जोड्या सैल पडतात हे दाखवलं. त्याच वर्षी आणखी एका गटाने दाखवलं की रेक-८ हा घटक असलेलं कोहेसिन जन्मानंतर वाढणाऱ्या अंडपेशीत नव्याने भरलं जाताना दिसत नाही. त्याआधीचा इतिहास लांबचा आहे. डाउन सिंड्रोमचा संबंध आईच्या वयाशी आहे, बापाच्या नाही, हे लायोनेल पेनरोझ यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं. जादा गुणसूत्र सापडायला १९५९ उजाडावं लागलं.

आता तरुण, २४ तास. इथे बिघाड वेगळाच. बेरीज बहुतेक ठिकाणी ४०, जोड्या बऱ्यापैकी घट्ट. पण स्पिंडल लांबुळकं, टोकं पसरलेली. पृष्ठभागाखालच्या कॉर्टिकल ग्रॅन्युलचा थर जागोजागी रिकामा. ते कण शुक्राणू आत आल्यावर फुटायचे असतात. इथे शुक्राणू नसतानाच गळू लागलेत.

म्हातारी, २४ तास हा गट सर्वांत गोंधळाचा. त्यात दोन्ही बिघाड आहेत, हे अपेक्षितच होतं. पण सुट्या क्रोमॅटिडचं प्रमाण म्हातारी-१४ पेक्षाही जास्त वाटतंय. म्हणजे दोन वयं स्वच्छ वेगळी काढता येतील ही आमची मांडणी इथे थोडी डळमळते. अंडपेशी अजून कमी आहेत. निष्कर्ष नाही.

६ ऑगस्ट, बुधवार

एका आयव्हीएफ क्लिनिकमधल्या एम्ब्रिऑलॉजिस्ट (भ्रूणतज्ज्ञ) आल्या होत्या. आजच्याच तारखेला १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या कामातून हर्षाचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा, जन्म झाला, हे त्यांनीच आठवून दिलं. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे केलं होतं, आणि त्यांचं श्रेय पुढे आनंद कुमारांनीच उघडपणे मान्य केलं. अशी उदाहरणं आपल्याकडे फार नाहीत.

त्यांचा रोजचा प्रश्न: बेचाळिशीची बाई समोर बसते आणि म्हणते, माझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मग भ्रूण का टिकत नाही? मी म्हटलं, उत्तर कायद्यातच लिहिलंय. २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यात उपचार घेणाऱ्या स्त्रीची कमाल मर्यादा ५० वर्षं आहे, आणि अंडदात्रीची ३५. गर्भाशयाला एक मर्यादा, अंडपेशीला दुसरी. त्या हसल्या, पण म्हणाल्या, “हे पेशंटला सांगताना वाक्य सापडत नाही हो.”

त्यांच्याकडून एक कामाची गोष्ट कळली. कामाच्या गर्दीत काढणी आणि शुक्राणू अंडपेशीत टोचून केलेलं फलन यांमधलं अंतर दिवसादिवसाला बदलतं, आणि त्याची नोंद ठेवली तरी कुणी ती बाईच्या वयाशेजारी ठेवून वाचत नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

भ्रूणांची फेरी सुरू. पहिल्यांदा शुक्राणूविना. कॅल्शियम नसलेल्या मीडियममध्ये १० मिलिमोलर स्ट्रॉन्शियम क्लोराइड दिलं की उंदराच्या अंडपेशीत कॅल्शियमच्या लाटा उठतात आणि तिला वाटतं फलन झालं. सायटोकॅलॅसिन बी देऊन दुसरा ध्रुवपिंड बाहेर पडू द्यायचा नाही, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच राहतात. बापाचा भाग वगळून नुसत्या अंडपेशीची ताकद दिसते, हा फायदा.

असे भ्रूण ब्लास्टोसिस्टपर्यंत (गर्भाशयात रुजण्याआधीचा पोकळ गोळ्याचा टप्पा) छान जातात, पुढे टिकत नाहीत. १९८४ मध्ये केंब्रिजला अझीम सुरानींच्या आणि अमेरिकेत मॅकग्रा व सॉल्टर यांच्या प्रयोगांनी कारण पुढे आणलं: आई आणि बाप दोघांकडून आलेल्या जनुकांवर वेगवेगळ्या खुणा असतात, दोन्ही लागतात. आम्हाला तेवढं पुढे जायचं नाही.

मॅडमनी मात्र नेमकी अडचण काढली. ध्रुवपिंड आत अडवला की दुसऱ्या विभाजनात क्रोमॅटिड वाटलेच जात नाहीत. म्हाताऱ्या अंडपेशीतल्या सैल जोड्यांची खरी परीक्षा तिथेच होते, आणि आपण ती परीक्षाच रद्द करतोय. वर, पहिल्या विभाजनात एखादं गुणसूत्र हरवलं असेल तर या भ्रूणात ते अजिबातच नसतं. बापाकडून येणारी प्रत नाही. म्हणजे एक चूक झाकली जाते, दुसरी भडक होते. २४ तासांच्या गटासाठी ही पद्धत ठीक. आईच्या वयासाठी आयव्हीएफच करायला हवं.

२८ ऑगस्ट, गुरुवार

गणपती बसले. ढोल-ताशाची पथकं गेला महिनाभर सराव करताहेतच. आता मांडवही जवळच. उंदीर आवाजाने बिचकतात, आणि बिचकलेल्या माद्यांचं अंडमोचन वेळेवर होईल याची खात्री नाही. आमचा सगळा हिशेब तासांवर. ६ सप्टेंबरच्या विसर्जनापर्यंत एकही इंजेक्शन नाही. काकांना सुट्टी, त्यांच्या घरी दीड दिवसाचा आहे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आयव्हीएफ. सगळ्या गटांसाठी शुक्राणू एकाच तरुण नराचे, एकाच डिशमधून. दुसऱ्या दिवशी दोन पेशी, चौथ्या-पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट. उंदरात भ्रूणाची स्वतःची जनुकं दोन पेशींच्या टप्प्यावर मोठ्या प्रमाणात जागी होतात. तोवर सगळं आईने अंडपेशीत भरून ठेवलेल्या शिदोरीवर चालतं. माणसात हा बदल चार ते आठ पेशींवर होतो.

आज लॅबमध्ये वाद झाला तो भाजकावरून. ब्लास्टोसिस्टचं प्रमाण काढायचं ते किती पैकी? अंडपेशींपैकी काढलं तर तरुण-२४ गट सगळ्यांत वाईट दिसतो. दोन पेशींपर्यंत पोचलेल्यांपैकी काढलं तर तोच गट बराच सावरतो. कारण त्यांचं नुकसान दारातच होतं. गळालेल्या कॉर्टिकल ग्रॅन्युलमधलं ओव्हॅस्टॅसिन हे विकर झोनातल्या झेडपी-२ प्रथिनाला कापतं, कवच शुक्राणूला दाद देत नाही आणि फलनच होत नाही. ज्यांत शुक्राणू शिरला, त्या पुढे चालतात.

म्हातारी-१४ चं उलटं. फलन बरं, दोन पेशी बऱ्या, ब्लास्टोसिस्टही दिसायला देखणे. पण एखादं गुणसूत्र जास्त असलेला उंदराचा भ्रूण ब्लास्टोसिस्टपर्यंत आरामात जातो आणि गर्भाशयात गेल्यावर मरतो. उंदरात जन्मापर्यंत पोचते ती जवळपास फक्त १९ क्रमांकाची ट्रायसोमी (त्या गुणसूत्राच्या दोनाऐवजी तीन प्रती). म्हणून ‘ब्लास्टोसिस्ट झाला’ हा निकष म्हाताऱ्या आईच्या बाबतीत आपल्याला खुश करतो आणि फसवतो. ब्लास्टोसिस्टमधल्या आतल्या पेशी ऑक्ट-४ आणि बाहेरच्या सीडीएक्स-२ या ओळख पटवणाऱ्या प्रथिनांवरून रंगवून मोजायचं काम ज्युनिअरकडे.

दोन्ही भाजक लिहायचे असं ठरलं. एकच लिहिला तर वाचणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळेल.

७ ऑक्टोबर, मंगळवार

चारही गटांच्या आकृत्या वेगळ्या ठेवल्या. ‘म्हाताऱ्या अंडपेशी’ असा एकत्र खांब कुठेही नाही. म्हातारी-२४ मधल्या सुट्या क्रोमॅटिडचं प्रमाण दुसऱ्या तुकडीतही चढंच आहे. मॅडमचा अंदाज असा की आधीच विरळ झालेलं कोहेसिन वाट बघण्याचे ते दहा तास झेपवू शकत नाही. माझा कल अजून स्पिंडलकडे आहे: पसरलेलं स्पिंडल सैल जोड्यांना जास्त ओढतं. यातलं काय खरं, हे रेक-८ रंगवून आणि स्पिंडलचा ताण काढून टाकूनच कळेल. त्यासाठी लागणाऱ्या माद्या सध्या दहा महिन्यांच्या आहेत.

नवीन विद्यार्थ्याला एनएमएन (पेशीच्या ऊर्जाव्यवहाराला मदत करणारं पूरक) वापरून पाहायचं आहे. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या गटाने म्हाताऱ्या माद्यांना ते पाण्यातून दिलं आणि अंडपेशींचा दर्जा सुधारल्याचं दाखवलं. तेव्हापासून त्याच्या पुड्या ऑनलाइन विकल्या जातात आणि नातेवाईक मला विचारतात. मी त्याला एवढंच विचारलं, यातल्या कोणत्या वयावर ते चालतं असं तुला वाटतं? सैल झालेली जोडी त्याने घट्ट होईल असं मला वाटत नाही; ऊर्जेअभावी उतरणीला लागलेली अंडपेशी सावरेल, हे पटण्यासारखं आहे. त्याने अर्जात २४ तासांचा गटही घातला. नैतिकता समितीची बैठक दिवाळीनंतर.